न्हाणीबाहेरचं स्टूल

कडी सरकल्याचा आवाज मी पाठमोरी असताना ऐकला. आत तू अंगावर दुसरा तांब्या घेतलास. पाणी फरशीवर पडलं आणि थांबलं. मग तुझा आवाज आला, "पारबते, आहेस का वं?"

मी उत्तर दिलं नाही. मी स्टुलावर नव्हते. व्हरांड्याच्या अर्ध्यावर पोचले होते, आणि तुझं कोरडं लुगडं, परकर, पोलकं, टॉवेल, सगळं माझ्या हातात होतं. पौषातली सकाळ. ऊन अजून भिंतीच्या वरच्या विटांवरच होतं. तू पुन्हा विचारलंस, जरा मोठ्याने. मग दार हलवलंस, दोनदा. मग गप्प झालीस. तू गप्प झालीस तेव्हा मला समजलं की तुला समजलं.

माझ्या मागून रेखा चालत होती. तिच्या प्लास्टिकच्या चपलांचा फटफट आवाज येत होता. घाईचा नाही. बाजारातून भाजी घेऊन परत येणाऱ्या बाईसारखा.

वेणू, तुला जाऊन आज तीन महिने झाले. आश्रमाच्या लोकांनी मला सांगितलं की तुमची जुनी मैत्रीण होती, चार ओळी लिहून द्या, स्मरणिकेत फोटोखाली छापू. 'मनमिळाऊ' लिहा म्हणाले, 'सोशिक' लिहा म्हणाले. तू मनमिळाऊ नव्हतीस. सकाळी चहात साखर कमी पडली तर दुपारपर्यंत बडबडायचीस. घोरायचीस. माझ्या उशीवर खोबरेल तेलाचे डाग पाडायचीस आणि नाही म्हणायचीस. आणि सोशिक तर मुळीच नव्हतीस. सोशिक मी होते. तेच तर सांगायचं आहे. मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे चार ओळींत आवरायचं कसं ते मला येत नाही. होतं तसं लिहिते. छापतील न छापतील, त्यांचं ते बघतील.

आपला वृद्धाश्रम नंदनवनकडून सक्करदऱ्याला जाताना आत वळणाऱ्या गल्लीत. अकरा बाया, चार खोल्या, मागे दोन न्हाण्या. तुला माझ्या खोलीत आणलं तेव्हा तुझ्याकडे एक पेटी होती आणि शिवणाची कात्री होती. कात्री त्यांनी दारातच काढून घेतली. तू म्हणालीस, "एवढे दिवस याच कात्रीनं अख्ख्या मोहल्ल्याचे ब्लाउज कापले, कोणाचा गळा नाही कापला." मी तेव्हाच ठरवलं की ही बाई आपल्याला त्रास देणार.

आता कडीचं. खरं लिहायचं तर आतली कडी काढायची अक्कल तुझीच. यमुनाबाई न्हाणीत पडली होती आणि आतून कडी होती. आपण सगळ्या बाहेर ओरडत होतो आणि ती आत कण्हत होती. शेवटी शेजारचा सुतार बोलावून दार फोडलं. त्याच सुताराला तू म्हणालीस, "आता आलाच आहेस तर दोन्ही दारांच्या आतल्या कड्या काढून टाक गा. म्हातारीले काय लाज? पडली तर उचलता तर येईल." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. बाहेरच्या कड्या राहू दिल्या, कारण दुपारी माकडं येतात आणि साबण घेऊन जातात. ऑफिसात कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. ऑफिसातले पुरुष बायकांच्या न्हाणीत कशाला येतील?

तेव्हा रेखा नव्हती. ती पुढच्या पावसाळ्यात आली, आपलं सगळं करायला ठेवलेली बाई म्हणून.

रेखा पहिले दोन महिने चांगली होती. केस विंचरून द्यायची. मग चिमटे सुरू झाले. पोलक्याच्या बाहीच्या आत, दंडाच्या मऊ भागात, जिथे कोणाला दिसत नाही. जेवायला उशीर झाला की चिमटा. चादर ओली झाली की चिमटा. कोणी उलट बोललं की रेखा तिचा चष्मा काढून घ्यायची. कपाटावर ठेवायची, दोन दोन दिवस. चष्मा गेला की म्हाताऱ्या बाईचं काय उरतं? भिंत धरून चालायचं आणि ताटात काय वाढलंय ते बोटाने बघायचं. रेखा ओरडायची नाही. एकदाही ओरडली नाही. पाहुणे असले की "आजी, आजी", आणि नसले की "ए बुढी", तेही हळू आवाजात. आवाज चढवणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. माझा नवरा ओरडायचा, सासू ओरडायची. हळू बोलणाऱ्या माणसाने मला म्हातारपणी भीती शिकवली.

आणि मग तिला ती बाहेरची कडी सापडली. पहिल्यांदा यमुनाबाईला लागली. थोडाच वेळ, चहा होईपर्यंत. बाहेर आल्यावर यमुनाबाई कोणाशी बोलली नाही. तिने दुसऱ्या दिवसापासून आंघोळच बंद केली.

तेव्हा तू स्टूल आणलंस. स्वयंपाकघरातलं जुनं, एक पाय आखूड असलेलं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातलीस आणि मला म्हणालीस, "एकीनं न्हायचं, एकीनं बाहेर बसायचं. पाठ दाराले लावून. आतलीचे कपडे बाहेरचीच्या मांडीवर. कोणी आलं तरी उठायचं नाही. आतलीनं विचारायचं, आहेस का वं. बाहेरचीनं म्हणायचं, आहो ना."

मी म्हणाले, "आणि रेखानं उठ म्हटलं तर?"

"तर म्हणायचं, गुडघे धरले. उठता नाही येत. खोटं थोडीच आहे?"

तेव्हा आपण हसलो होतो. सगळ्या बायांनी जोड्या लावल्या. यमुनाबाई पुन्हा आंघोळ करायला लागली. दोन महिने कोणाला कडी लागली नाही. आपण काही बोललो नाही, भांडलो नाही, फक्त एक म्हातारी दाराला पाठ लावून बसायची. रेखा येऊन उभी राहायची, बघायची, जायची. मला वाटलं, जमलं.

तुला मात्र तेवढ्याने भागत नव्हतं. तू म्हणायचीस, "जन्मभर काय स्टुलावर बसायचं वं? सांगून टाकू ना साहेबाले." आपलं भांडण सुरू झालं ते इथून, आणि ते मिटलं नाही. मी म्हणत होते, गप्प राहा. साहेब महिन्यातून एकदा येतो, अर्धा तास बसतो. रेखा रोज असते. तू म्हणत होतीस, गप्प राहिलो म्हणून तर ती रोज असते. मी म्हणत होते, इथून काढलं तर जायचं कुठे? तुझी अलका रायपूरला दोन खोल्यांत राहते. माझा मुलगा फोन उचलत नाही. तू म्हणत होतीस, "सक्करदऱ्याच्या तलावापाशी बसू. बदकं पाहू." असलं बोलायचीस. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे डोक्याला ताप.

दिवाळीच्या फराळाला तेच साहेब, आश्रमाचे सचिव, आले होते. तू मला काही न सांगता उठलीस. हातात चकली होती. म्हणालीस, "साहेब, इथं आम्हाले मारतात."

सगळ्या बायांचे हात ताटातच थांबले. रेखा चहाचा ट्रे घेऊन दारात होती. तिने तुझ्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

मी हसले, वेणू. मोठ्याने हसले आणि म्हणाले, "साहेब, तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. तिले आजकाल भास होतात. परवा मलेच आई म्हणत होती."

सचिवांच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा आला तो मला अजून दिसतो. "असं होय," म्हणाले. "वयाने होतं. डॉक्टरांना दाखवा हं रेखाबाई." आणि त्यांनी अनारसा उचलला.

तू खाली बसलीस. दुपारी खोलीत मला म्हणालीस, "मले येडी ठरवली तू."

"वाचवली तुले."

"कोणापासून? तिच्यापासून की साहेबापासून?"

"दोघांपासूनही."

"आता मी काही बी सांगितलं तर कोण ऐकणार वं? तुझं ऐकतील. तू शहाणी."

मी म्हणाले, माझं डोकं दुखतंय. माझं डोकं दुखत नव्हतं.

तरी तू माझ्याशी बोलणं सोडलं नाहीस. हे मला आजही कळत नाही. मी तुझ्या जागी असते तर सोडलं असतं. उलट त्याच आठवड्यात तू माझ्या परकराला आतून खिसा शिवून दिलास. कात्री नव्हती, तर दाताने धागा तोडलास. म्हणालीस, "यात चष्मा ठेवत जा. तिचा हात इथवर नाही पोचत." मी हा कागद लिहिते आहे तो याच चष्म्याने. लिहून झालं की तो खिशात जाईल. आता गरज नाही असं सगळे म्हणतात. मी ठेवते.

एकदाच आपण दोघी बाहेर गेलो होतो, तुझ्या चष्म्याची काडी बदलायला सीताबर्डीला. अलका आली होती, तिने मेट्रोने नेलं. सरकत्या जिन्यापाशी तू उभीच राहिलीस. मागे माणसं खोळंबली. एक पोरगी म्हणाली, "आजी, पाय टाका ना." तू म्हणालीस, "तू टाक ना माय, मी पाहतो तुझं काय होते." मग माझा हात धरलास आणि म्हणालीस, "सोडजो नोको वं पारबते." मी नाही सोडला. वर पोचल्यावर तू अशी हसलीस की पुढची माणसं वळून बघायला लागली. नंतर आपण सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, खाल्ली आणि तू म्हणालीस, सांबार कमी आहे. तुझं सगळीकडे काहीतरी कमीच असायचं.

त्या जिन्यावर तुझा हात सोडला नाही म्हणून लिहून ठेवते. एवढंच माझ्याकडे जमेला आहे.

संक्रांतीला आश्रम चालवणाऱ्या मंडळाच्या बायका तिळगूळ वाटायला येणार होत्या. तू ठरवलंस की त्यांना दंड दाखवायचा. "बोलणार नाही," म्हणालीस. "बोलली तर भास. बाही वर करीन. निळं तर दिसते ना सगळ्याले." तेव्हा तुझ्या दंडावर दोन डाग होते आणि माझ्या दंडावर एक. तू म्हणालीस, "तू बी दाखव. दोघींना एकच भास नाही होत." मी म्हणाले, बघू. हे बोलणं आपण व्हरांड्यात केलं. भिंतीपलीकडे कोण होतं ते बघितलं नाही. आपण दोघीही ऐकायला कमी, म्हणजे बोलतो मोठ्याने.

त्याच्या दुसऱ्या सकाळी तू आत होतीस आणि मी स्टुलावर.

रेखा आली. हातात तुरीच्या शेंगांची टोपली होती. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "उठा आजी. शेंगा सोलायच्या आहेत. आज सोल्याची भाजी आहे."

एवढंच. हात लावला नाही. धमकी दिली नाही. गुडघे धरले, असं मी म्हणायचं होतं. तोंडात तयार होतं. इतके महिने रोज मनात म्हणत होते. पण ती हसत होती, आणि माझ्या दंडातली ती एक जागा दुखायला लागली, कोणी हात न लावता. मी उठले. गुडघ्यांनी साथ दिली. त्या दिवशी ते अजिबात धरले नव्हते.

आणि तुझे कपडे घेऊन उठले. स्टुलावर ठेवून उठायचं होतं, दाराच्या फटीतून आत टाकायचं होतं, तेवढा तरी हात हलवायचा होता. मांडीवर होते, तसेच हातात आले. व्हरांड्याच्या टोकाला बसले तेव्हा ते मी मांडीवरच ठेवले आणि त्यावर टोपली घेतली.

टोपलीभर शेंगा सोलल्या, वेणू. रेखा समोर खुर्चीवर बसून मोबाइल बघत होती. न्हाणीतून आधी दार हलायचा आवाज आला, मग तांब्याने दार ठोकल्याचा, मग काही नाही. यमुनाबाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. रेखाने मान वर केली आणि यमुनाबाई आत गेली. स्वयंपाकवाली अजून यायची होती. मी दाणे एकीकडे आणि टरफलं एकीकडे करत होते. एकही दाणा टरफलांत गेला नाही. मी हे मुद्दाम सांगते. भीतीत हात चुकतो असं लोक म्हणतात. माझा नाही चुकला.

ऊन व्हरांड्याच्या फरशीवर आलं तेव्हा रेखा उठली. कडी काढली आणि म्हणाली, "झाली का आजी आंघोळ?"

तू कोपऱ्यात बसली होतीस. ओलं लुगडं पिळून पुन्हा अंगाला गुंडाळलं होतंस. ओठ जांभळे. दात वाजत नव्हते, त्याची मला जास्त भीती वाटली. मी तुला कोरडं नेसवलं. कपडे माझ्या अंगाच्या उबेने गरम झाले होते. तू ते ओळखलंस. कापडावरून हात फिरवलास आणि माझ्याकडे बघितलंस.

"काहून उठली वं?"

एवढंच विचारलंस. मी पोलक्याची बटणं लावत राहिले. नंतर ताप चढला, खोकला झाला, अलका आली, दवाखान्यात नेलं. संक्रांत तिथेच गेली. मी दोनदा आले. तुझ्या नाकाला नळी होती. दुसऱ्यांदा आले तेव्हा अलका चहाला बाहेर गेली आणि आपण दोघीच होतो. सांगायला तेव्हा वेळ होता. मी म्हणाले, "आज बाहेर लय थंडी आहे." तू डोळे मिटलेस.

डॉक्टरांनी न्युमोनिया सांगितला. त्या सकाळमुळे झाला का, असं अलकाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले की या वयात कशानेही होतो. मी डॉक्टर नाही. मी फक्त टोपली किती मोठी होती ते सांगू शकते.

चौथ्या दिवशी आश्रमात शोकसभा ठेवली. तुझा फोटो, हार, उदबत्ती. सचिव आले, मंडळातल्या दोन बाया आल्या, अलका होती. रेखाने पदर तोंडाला लावला होता. खरं पाणी होतं डोळ्यांत, मी बघितलं. अलकाने विचारलं, "आईला त्या दिवशी एवढा वेळ न्हाणीत कसं काय राहू दिलं?"

रेखा म्हणाली, "मी रोज सांगायची ताई, आजी आतून कडी लावू नका. ऐकायच्याच नाहीत. आतून कडी लावून बसल्या. किती वेळ हाका मारल्या मी. भास व्हायचे ना त्यांना." मग माझ्याकडे वळली. "पार्वताआजींना विचारा. त्यांनीच तर सांगितलं होतं साहेबांना दिवाळीत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सचिव मान हलवत होते. त्यांना आठवलं होतं.

मला जोराची लघवी लागली. माझी भीती तिथेच बसते, लहानपणापासून. हो म्हणायचं, बस. एक हो म्हटलं की सगळे चहा पिऊन घरी जाणार होते, आणि मी माझ्या खाटेवर. मी हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण तिने 'आतून' म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. तिला आतल्या कडीचं ठाऊकच नव्हतं, वेणू. ती आली त्याआधीच तू सुताराकडून काढून घेतली होतीस, आणि ती नेहमी बाहेरच उभी राहायची. आतून दाराकडे तिने कधी बघितलंच नव्हतं. ते आपणच बघायचो.

मी सचिवांना म्हणाले, "साहेब, जरा न्हाणीपर्यंत चला."

"आता? कशाला आजी?"

"चला ना. वेणूचं काही राहिलं आहे तिथं."

ते आले. बाया आल्या, अलका आली. मी म्हणाले, "जरा आत जाऊन पाहता का?" ते आत गेले. मी दार ओढलं आणि कडी लावली. माझ्या हाताने. कडी कडक होती. मला ठाऊक नव्हतं की ती एवढी कडक आहे.

आतून आवाज आला, "आजी? हे काय करता?"

"उघडा साहेब आतून."

दार हललं. पुन्हा हललं. मंडळातली एक बाई म्हणाली, "अहो, असं काय करता तुम्ही? उघडा आधी!" मी स्टूल ओढलं आणि दाराला पाठ लावून बसले.

मग सचिव ओरडले. चांगले मोठ्याने ओरडले, सगळ्यांनी ऐकलं. "अहो, आतून कडीच नाही इथं!"

अलकाने माझ्या डोक्यावरून हात घालून कडी काढली, मी स्टूल बाजूला केलं. सचिव बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. एवढ्याशा वेळात. त्यांच्या अंगावर कोट होता आणि अंग कोरडं होतं.

तेव्हा मी सांगितलं. स्टुलावर बसूनच सांगितलं. कडी, चिमटे, चष्मे. दंड दाखवला. शेवटी म्हणाले, "तिले भास होत नव्हते. दिवाळीत मी खोटं बोलली. आणि त्या दिवशी मी या स्टुलावर होती. उठली."

अलका तिथून निघून गेली. माझ्याशी अजून बोललेली नाही. बरोबर आहे तिचं.

रेखा व्हरांड्याच्या टोकाला उभी होती, जिथे मी शेंगा सोलल्या तिथेच. रडणं थांबलं होतं. मी तिच्याजवळून खोलीकडे जात होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "आजी, तुम्हाला इथंच राहायचं आहे ना?"

पोलीस आले, एक बाई होती त्यांच्यात. मी जबाब दिला. यमुनाबाईनेही दिला, तिला बोलताना पहिल्यांदा एवढं ऐकलं. रेखाला कामावरून काढलं. चौकशी चालू आहे म्हणतात. बाहेरच्या कड्या उपटल्या. आत नवीन कडी आली, बाहेरून चावीने उघडते अशी, आणि चावी आपल्या बायांकडे असते. दर महिन्याला एक बाहेरची बाई येते, एकेकीला वेगळं बसवून विचारते, आणि तेव्हा कामवाल्या बायांना पलीकडे पाठवते. हे आधी का नव्हतं, असं मी सचिवांना विचारलं. ते म्हणाले, कोणी तक्रारच केली नव्हती. मी म्हणाले, केली होती. तुम्ही अनारसा खात होता. ते खाली बघत राहिले. मीही बघितलं. भासाचं ते खोटं तेव्हा त्यांना मीच वाढलं होतं.

नवीन बाई आली आहे कामाला. चांगली आहे. केस विंचरून देते. रेखाही द्यायची. नवीन बाई मागून आली की माझा दंड आपोआप अंगाला चिकटतो. तिच्याही चपला प्लास्टिकच्या आहेत. मी तिला सांगितलं, बाई, कापडी घाल. तिने का म्हणून विचारलं नाही.

स्वयंपाकवाली सांगत होती की रेखाला काम लागलं आहे. कोणाच्या तरी घरी एक म्हातारा अंथरुणाला खिळून आहे, त्याचं करायला. घर कुठलं ते तिला ठाऊक नाही. मी पोलीस बाईला कळवलं. ती म्हणाली, बघते. मी दुपारी पडते तेव्हा त्या म्हाताऱ्याचा विचार येतो. त्याच्या खोलीला कडी कुठल्या बाजूने आहे, एवढाच. त्याला चष्मा असेल का? त्याच्या परकराला खिसा शिवून द्यायला कोणी नसेल. पुरुष परकर घालत नाही, हे मला कळतं. पण विचार असाच येतो.

तुझ्या खाटेवर सुलोचनाबाई आली आहे, उमरेडकडची. बोलकी आहे. घोरत नाही. मला झोप लागत नाही. ती पहिल्या दिवशी विचारत होती, "कडी आतून चांगली लागते, मग बाहेर स्टूल कशाले ठेवता वं?" मी म्हणाले, असू दे. सकाळी ती न्हायला जाते, मी जाऊन बसते. पाठ दाराला, कपडे मांडीवर. तिला विचारायचं असतं ते मी शिकवलं आहे. ती विचारते, मी उत्तर देते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. काहून उठली, विचारलं होतंस. भेली वं वेणू. म्हणून उठली. दुसरं काही नाही. तू विचारलंस तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, बटणं लावता लावता. तू शिव्या दिल्या असत्या आणि मी ऐकल्या असत्या.

त्या सकाळी न्हाणीच्या दारापाशी आपण तिघी होतो. आत तू, बाहेर मी आणि रेखा. तू वारलीस. रेखा जिवंत आहे. मी जिवंत आहे.